सात नंबरचा अर्ज

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील तरुणांसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये बारामतीत झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मी नेता नाही. हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो, दिवसभर संगणकासमोर बसतो. मूळचा इंदापूर तालुक्यातला. अकरावी-बारावी बारामतीत झाली, इंजिनिअरिंग पुण्यात. राजकारणावर बोलायला मला बोलावलं तेव्हा मी आयोजकांना म्हणालो, "मला भाषण जमत नाही. अर्ज लिहायला जमतो, त्यावर बोलू का?" ते हो म्हणाले. तेव्हा आज आपण अर्जावर बोलू.

सुरुवात अब्बांच्या अर्जापासून करतो. आमची दीड एकर जमीन नीरा डाव्या कालव्यावर, तीही खालच्या अंगाला. तुमच्यापैकी ज्यांचं शेत टेलकडे आहे त्यांना फोड करून सांगायला नको. कालवा बारामतीतून येतो आणि इंदापूरकडं जाता जाता आटत जातो. आवर्तन सुटायच्या आधी अब्बा न चुकता पाण्याचा मागणी अर्ज भरायचे. नमुना नंबर सात. सगळे त्याला 'सात नंबर' म्हणतात. पावती पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाच्या खाली. मी लहानपणी विचारलं होतं, "अब्बा, कालवा तर दारातून जातो, मग अर्ज कशाला?" ते म्हणाले, "पाणी दारातून जातं म्हणून आपलं होत नाही. मागितल्याची नोंद असली की भांडता येतं."

एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

गेलं वर्ष आठवा. २ मार्च २०२४ ला याच बारामतीत नमो महारोजगार मेळावा झाला. मुख्यमंत्री, दोन्ही उपमुख्यमंत्री, शरद पवार, सगळे एका मंचावर. ७ मे ला लोकसभेचं मतदान झालं. जुलैमध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. बारामतीच्या दोन्ही निवडणुकांकडं अख्ख्या देशाचं लक्ष होतं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या भिगवण चौकात उभ्या असायच्या. त्या दिवसांत तुमच्याकडं काय काय मागितलं गेलं? गाडी घेऊन या, स्टेटस ठेवा, बूथवर बसा, घरातली मतं बाहेर काढा. तुम्ही ते सगळं केलं. मग तुम्ही काय मागितलं? कुठं लिहून दिलं?

त्या प्रशिक्षण योजनेचंच उदाहरण घ्या. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सहा महिने कामाचा अनुभव. विद्यावेतन बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. कुणी शाळेत लागलं, कुणी ग्रामपंचायतीत, कुणी कारखान्यात. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. घरात पहिल्यांदा आपल्या नावावर पैसे आल्याचा आनंद मी पाहिला आहे. पण सहा महिने संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी कुठल्याही विशीतल्या मुलानं विचारला असता. तो मुदत संपत आल्यावर रस्त्यावर विचारला गेला. मग मुदत पाच महिन्यांनी वाढली, अकरा महिने झाली. त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. आमच्या कामात याला सोपं नाव आहे: वापरणाऱ्याला न विचारता बनवलेलं सॉफ्टवेअर. ते चालू होतं, पण पहिल्या वळणावर अडकतं.

आता दुसरी गोष्ट. हात वर करा. तुमच्यापैकी किती जणांनी नगरपरिषदेसाठी मतदान केलं आहे? ... तीन. किती जणांनी जिल्हा परिषदेसाठी? ... पाच. यात तुमचा आळस नाही. बारामती-इंदापूरच्या नगरपरिषदांची शेवटची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची फेब्रुवारी २०१७ मध्ये. २०२२ मध्ये मुदती संपल्या. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या, आणि तेव्हापासून कारभार प्रशासक पाहतात. म्हणजे आज ज्याचं वय पंचविशीच्या आत आहे त्यानं आयुष्यात एकदाही स्वतःचा नगरसेवक निवडलेला नाही. आमदार निवडला, खासदार निवडला. पण नळाला पाणी का येत नाही हे ज्याच्या दारात जाऊन विचारायचं, तो माणूस निवडलेला नाही.

आता ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या निवडणुका होणार आहेत. ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत न्यायालयानं दिली आहे. १ जुलै २०२५ रोजीची विधानसभेची यादी त्यासाठी धरली जाणार आहे. ज्यांचं नाव या यादीत नाही त्यांनी पुढच्या निवडणुकीसाठी आजच नमुना ६ भरा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षं पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. यादीत नाव नसलेला माणूस सात नंबर न भरलेल्या शेतकऱ्यासारखा. कालवा वाहतो, तो काठावर बसून बघतो.

आता थोडं आपल्या घरचं बोलू. राग मानू नका.

उमेदवार आपल्या मोहल्ल्यात येतो. कुणाच्या तरी अंगणात खुर्च्या टाकतात. चार बुजुर्ग पुढं बसतात, पोरं मागं भिंतीला टेकून उभी राहतात, मुली आणि बाया घरातून ऐकतात. मग आपल्या मागण्या होतात. कब्रस्तानाला संरक्षक भिंत, शादीखाना, दर्ग्याकडं जाणारा रस्ता. या मागण्या खोट्या नाहीत. माझ्या दादांची कबर ज्या कब्रस्तानात आहे तिथं पावसाळ्यात पाणी साचतं, भिंत मलाही हवी आहे. पण दर निवडणुकीला आपण मेलेल्यांच्या जागेसाठी बोलतो आणि जिवंत पोरांच्या जागेसाठी बोलायचं राहून जातं. त्या अंगणात मी कधी ऐकलं नाही की आमच्या मुलींना तालुक्याच्या कॉलेजला जायला वेळेवर बस हवी, आयटीआयमध्ये अमुक ट्रेड हवा, अभ्यासाला खोली हवी. कारण ज्यांना हे हवं आहे ते भिंतीला टेकून उभे आहेत, किंवा दाराआड आहेत.

आणि तुम्ही तिथं काय करत असता? मोबाइलवर असता. सगळा राग मोबाइलवर निघतो. १ ऑगस्ट २०२५ ला शेजारच्या दौंड तालुक्यात, यवतला काय झालं ते आपण पाहिलं. एका पोस्टवरून तणाव, मग जाळपोळ. एक पोस्ट टाकायला दहा सेकंद लागतात आणि ती विझवायला गावाला महिने लागतात. मुसलमान पोरगा कुठलंही मत मांडायच्या आधी मनात एक जास्तीचा हिशेब करतो, हे मला माहीत आहे. मीही करतो. घरून फोन येतो, "बेटा, तू काही लिहू नकोस." ही भीती खोटी आहे असं मी सांगणार नाही. एवढंच सांगेन की जिथं लिहिल्यानं सर्वांत कमी धोका आणि सर्वांत जास्त उपयोग आहे, ती जागा आपण रिकामी सोडली आहे. ती जागा म्हणजे सरकारी कार्यालयाची आवक नोंदवही.

लिहून, नेमकं मागितलं तर मिळतं का? पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं बघा. त्यात आपल्या दोन तालुक्यांतली किती तरी आहेत. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची १४ तारखेची पूर्वपरीक्षा पुढं ढकलल्याचं जाहीर झालं. पोरं रस्त्यावर उतरली. परीक्षा २१ मार्चला घ्यावी लागली. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी मागितलं की नवी वर्णनात्मक परीक्षापद्धत २०२५ पासून लागू करा. फेब्रुवारीत आयोगानं ते मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ तारखेला दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या. त्यांनी तारीख बदलून मागितली, तीही बदलली. या आंदोलनांबद्दल मतं वेगळी असतील. पण तिन्ही वेळी एक गोष्ट सारखी होती. मागणी एकच होती, तिच्यात तारीख होती, आणि ती ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडंच केलेली होती. 'तरुणांवर अन्याय थांबवा' अशी मागणी असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि कुणालाच काही करावं लागलं नसतं.

आमच्या कामात रोज तक्रारी येतात. काही लोक लिहितात, "तुमचं ॲप चालत नाही." अशा तक्रारीचं आम्ही काय करणार? काही लोक लिहितात, "अमुक पानावर, अमुक बटण दाबल्यावर, काल सकाळी दहा वाजता अमुक झालं, तमुक व्हायला हवं होतं." त्याला नंबर पडतो, ते कुणाच्या तरी नावावर जातं, आणि ते दुरुस्त होईपर्यंत यादीत उघडं राहतं. यादीत उघडी राहिलेली तक्रार रोज सकाळी त्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते. तिची ताकद एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

हे मला नोकरीत कळत होतं, पण गावात कळलं नाही. गावात ते मला माझ्या चाचांच्या मुलीनं शिकवलं.

२०२२ मध्ये मी घरून काम करत होतो. गावात एक खोली बांधून पडली होती. दाराला कुलूप, आत खतांच्या गोण्या. आम्ही पोरांनी ठरवलं, इथं अभ्यासिका व्हायला पाहिजे. तीस जण मोटरसायकली घेऊन ग्रामपंचायतीवर गेलो. घोषणा दिल्या, व्हिडिओ काढला. तो चार हजार लोकांनी पाहिला. आम्हाला चहा मिळाला आणि "पोरांनो, तुमचंच आहे, बघू" असं उत्तर मिळालं. आम्ही खूश होऊन घरी आलो. सहा महिने काहीच झालं नाही.

माझी चुलत बहीण तेव्हा बारावी होऊन घरी बसली होती. तिला पोलीस भरतीची तयारी करायची होती आणि घरात दोन खोल्यांत नऊ माणसं. ती मला म्हणाली, "भाईजान, तुमच्या व्हिडिओवर आवक नंबर कुठंय?"

मग तिनं तीन मैत्रिणींना घेतलं. एक माळ्यांची, एक धनगरांची, एक मराठ्यांची. चौघींनी अर्ज लिहिला. पहिल्या अर्जात सात मागण्या होत्या: खोली, पुस्तकं, वायफाय, संगणक, सगळंच. तो त्यांनी स्वतःच फाडला. दुसऱ्यात एकच मागणी ठेवली. खोलीची किल्ली, दोन ट्यूबलाइट, एक पंखा, सकाळी सहा ते रात्री नऊ. सोबत वापरणाऱ्या ४१ मुलामुलींची नावं आणि सह्या. विजेचं बिल साधारण किती येईल हे शेजारच्या दुकानदाराला विचारून लिहिलं. अर्ज दिला, पोच घेतली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक.

मग त्या महिला सभेत गेल्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढं येतात, हे आमच्या गावातल्या किती बायांना माहीत होतं? तिथं ठराव झाला. नंतर ग्रामसभा. आता हे नीट ऐका, कारण हा सगळ्यात मोठा धडा आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण शंभर जण पहिल्या सभेला गेलो नाही की दुसऱ्या सभेला वीस माणसं अख्ख्या गावाचं ठरवतात. या चौघी दोन्ही सभांना गेल्या. दुसऱ्या सभेत सगळे मिळून एकोणीस जण होते, त्यात या चार. ठराव मंजूर झाला.

तरी पाच महिने कुलूप तसंच. मग तिनं दहा रुपयांचा शिक्का लावून माहितीच्या अधिकारात ठरावाची प्रत आणि त्यावर काय कार्यवाही झाली ते मागितलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर यायच्या आधीच गोण्या हलल्या.

पहिल्या अर्जापासून खोली उघडेपर्यंत चौदा महिने लागले. मी तुम्हाला ही विजयाची गोष्ट म्हणून सांगत नाही. त्या चौदा महिन्यांत चौघींतल्या एकीचं लग्न झालं, ती सोलापूरकडं गेली. ४१ जणांच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे आणि ती त्या खोलीत एक दिवसही बसली नाही. बहिणीची पहिली भरती दोन गुणांनी हुकली, ती पुन्हा तयारी करते आहे. वायफाय अजून नाही. पण आज संध्याकाळी तुम्ही आमच्या गावात गेलात तर त्या खोलीत दिवा लागलेला दिसेल. उशिरा मिळालेल्या गोष्टीची किंमत कुणी तरी भरतं, म्हणून अर्ज लवकर करायचा असतो.

आता कामाचं बोलू. सध्या गावोगाव ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम चालू आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' हे नाव तुम्ही भिंतीवर वाचलं असेल. पुढच्या वर्षी गावात काय होणार ते या आराखड्यात लिहिलं जातं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले आहेत, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतात. या आयोगाचा काळ मार्च २०२६ ला संपतो आणि एप्रिलपासून सोळावा सुरू होतो. नव्या हिशेबाच्या पहिल्या पानावर तुमची एक ओळ असावी. आराखडा बघायला मागा. त्यात 'युवक' हा शब्द किती वेळा आहे ते मोजा, आणि त्यापुढं किती रुपये लिहिले आहेत तेही बघा.

गावाच्या वर राज्य आहे. महाराष्ट्राचं युवा धोरण २०१२ चं आहे, ते १३ ते ३५ वयाच्या सगळ्यांना युवा मानतं. २०१२ मध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात साधा फोनही नव्हता. डिलिव्हरीचं काम, ऑनलाइन कर्ज देणारी ॲप, ऑनलाइन परीक्षा, यांतलं काहीच तेव्हा आपल्या गावात आलं नव्हतं. मग नव्या धोरणात काय हवं, हे तुम्ही कधी दोन पानांत लिहून आमदाराला दिलं आहे का?

आणि आपल्या समाजापुरतं बोलायचं तर २०२२ मध्ये केंद्रानं पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद केली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अल्पसंख्याकांसाठी बार्टी-सारथीच्या धर्तीवर 'मार्टी' ही संस्था मंजूर केली. मंजुरी ही आवक क्रमांकासारखी असते, काम त्यानंतर सुरू होतं. या वर्षी तिच्यासाठी तरतूद किती, खर्च किती, किती विद्यार्थ्यांना काय मिळालं, हे तीन प्रश्न दहा रुपयांत विचारता येतात. आपल्यातल्या दोघांनी तरी ते या महिन्यात विचारावेत.

निवडणुकीत उमेदवार दारात येतील तेव्हा पोरांनी भिंतीला टेकून उभं राहू नये. पुढं बसा. मुलींना बाहेर बोलवा. कब्रस्तानाच्या भिंतीची मागणी बुजुर्ग करतील, ती करू द्या. तुम्ही एकच कागद द्या. त्यावर एकच मागणी, जागा, अंदाजे खर्च, किती जणांना उपयोग आणि कधीपर्यंत. शक्यतो त्या कागदावर सगळ्या समाजांच्या पोरांच्या सह्या असू द्या, कारण बस सगळ्यांनाच हवी असते आणि खोलीतला पंखा सगळ्यांवरच फिरतो. उमेदवाराची सही घ्या, फोटो काढा. निवडून आल्यावर तोच कागद घेऊन पुन्हा जा. जो हरला त्याच्याकडंही जा. आणि ज्यांचं वय २१ झालं आहे त्यांनी स्वतः उभं राहायचा विचार करावा. कायद्यानं तेवढं वय पुरतं. मुलींसाठी तर निम्म्या जागा राखीव आहेत.

कुणी तरी म्हणेल, "आपलं कोण ऐकतंय?" खरं आहे, बऱ्याचदा ऐकत नाहीत. अब्बांनी सात नंबर भरला तरी प्रत्येक पाळीला पाणी पोचलंच असं नाही. दोन वेळा ऊस वाळला. पण पाणी आलं नाही त्या वर्षी अब्बा पावती घेऊन गेले आणि विचारू शकले. ज्यांनी भरलाच नव्हता ते नुसते पाराखाली बसून शिव्या देत होते. दोघांचाही ऊस वाळला होता, पण पुढच्या पाळीला यादीत नाव एकाचंच होतं.

तुमच्या खुर्चीवर एक कोरा कागद ठेवला आहे. तो भाषणाच्या नोंदींसाठी नाही. चहाच्या आधी आपापल्या गावाचे आणि वॉर्डाचे गट करून बसा आणि एक मागणी लिहा. एकच. उद्या सोमवार आहे, कार्यालयं उघडी आहेत. पोच घ्यायला विसरू नका.